उशीचं पोट

बीड
१८ नोव्हेंबर २०२४

धने,

जय भीम आणि येळकोट, दोन्ही. पत्र बघून घाबरू नकोस, कुणी मेलेलं नाही. फोनच केला असता, पण तुमच्या घरचा फोन तुझ्या सासूबाईंच्या कमरेला आणि स्पीकर लावल्याशिवाय त्या बोलू देत नाहीत. मागच्या खेपेला मी तुला "पाळी वेळेवर येते का गं?" विचारलं, तर बायडाबाईच उत्तरल्या, "माझी बंद झाली, हिची चालू हाय." तेव्हापासून मी कानाला खडा लावलाय. पत्र त्यांना वाचता येत नाही, हे आपल्या दोघींच्या पथ्यावर.

कामाचं सांगते. लोकांच्या लग्नाचे व्हिडिओ काढून काढून माझे डोळे पिवळे पडायची वेळ आली. म्हणून मी आणि विलासनं सिनेमा करायचं ठरवलंय. विलास, माझा धाकटा भाऊ, आठवतो ना? युसूफ वडगावच्या शाळेत तुझ्या डब्यातला ठेचा चोरून खायचा आणि वर पाणी मागायला तुझ्याकडंच यायचा. तो आता कॅमेरा धरतो.

सिनेमा विनोदी आहे. सोळा वर्षांची पोरगी, लग्न झालेलं, पोटुशी, आणि दहावीची परीक्षा तोंडावर आलेली. सगळं घर बाळाचं नाव काय ठेवायचं म्हणून भांडतंय आणि हिला एकच घोर, पायथागोरस पाठ होईना. सिनेमाचं नाव "दहावी नापास, बाळंतीण पास". तू म्हणशील, ही तर माझी गोष्ट. हो, तुझीच आहे. तू नको म्हणालीस तर आजच कागद फाडते.

पण "हो" म्हणालीस तर आणखी एक मागणं आहे. इथल्या क्लासमधली एक पोरगी काम करणार होती. परवा तिचे वडील आले. म्हणाले, "उशीचं असलं तरी पोट ते पोटच." झालं, हिरॉईन गेली. तू करशील का? तेवीस वर्षांची झालीस तरी दोन वेण्या घातल्यास तर शाळेतलीच दिसशील.

नाही म्हणायचं असेल तर शिव्या देऊन म्हण. नुसतं "नाही" म्हणू नकोस.

तुझी
पौर्णिमा

•

कडा
२७ नोव्हेंबर

पौर्णे,

सवाष्णीला असली पत्रं पाठवतीस व्हय गं? पोस्टमननं पत्र आत्याबाईच्याच हातात दिलं. त्या म्हनल्या, "वाच, काय हाय?" मी म्हनले, बचत गटाची मीटिंग हाय. आन् मग पत्र हातात धरून पाच मिनिटं बचतीचे फायदे सांगितले. सासूसमोर हसू दाबून दाबून माझ्या बरगड्या दुखाय लागल्या.

फाडू नको. कर सिनेमा. पन तू लिहिलंय त्यात मजाच न्हाई. खरं काय झालं ते घाल. मला आठवा म्हयना. गणिताचा पेपर. बाकात पोट मावंना म्हणून मी तिरकी बसले. तेवढ्यात भरारी पथक आलं. त्यातल्या एका सायबाची नजर माझ्या पोटावर. म्हनला, "काय लपवलंय? काढ बाहेर." मी म्हनले, "सर, अजून येळ हाय." सगळा वर्ग हसला. सायेब लाल झाला. त्याला वाटलं मी गाईड बांधून आणलंय. बाईमान्साला बोलावलं, तपासा म्हनला. ती बाई आली, तिनं पोटाला हात लावला, आन् त्याच वक्ताला उत्र्यानं आतून अशी लाथ मारली की बाई "आई गं" करून मागं सरली. मग मला पानी दिलं, पंखा माझ्याकडं फिरवला. तरी मी भूमितीत गेलेच. पंख्यानं काय प्रमेय सुटत न्हाई.

तो उत्र्या म्हंजी आमचा उत्तरेश्वर आता पहिलीत हाय आन् अजून लाथाच मारतो.

करते मी काम. आमचे सोमनाथराव दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कोकणाकडं गेलेत, ते उन्हाळा सरता सरता येतेत. घरात मी, आत्याबाई, उत्र्या आन् नणंद मनिषा. मनिषा यंदा दहावीला हाय. आत्याबाईला कसं पटवायचं ते मी बघते. तू आधी ते पोट पाठव. सवय करावी लागंल. मला खरं पोट कसं हुतं ते ध्यानात हाय, पन सहा-सात वर्सं झाली ना गं.

एकच सांगते. सिनेमात मला रडकी करू नको. मी लई हसले तवा.

धनी

•

बीड
६ डिसेंबर

धने,

भरारी पथकाचा प्रसंग जशाचा तसा घेतला. विलास वाचून खुर्चीवरून पडला. माझे वडील, माणिकराव गुरुजी, तुला माहीतच आहेत, लाल पेन घेऊन वाचायला बसले. शुद्धलेखनाच्या चुका काढल्या आणि म्हणाले, "यात विनोद कुठं आहे, पौर्णिमा?" मी म्हणाले, पप्पा, धनीला विचारा. त्यांनी पेनाला टोपण लावलं. तू दहावीला त्यांच्याच वर्गात होतीस ना.

पोट पार्सलनं पाठवतेय. आईनं शिवलंय. जुन्या गादीचा कापूस, वरून मऊ सुती कापड, मागं बांधायला नाड्या. मग आमच्या मातोश्री केशरबाईंनी स्वतः बांधून आरशात बघितलं आणि म्हणाल्या, "विलासच्या वेळी अगदी असंच होतं, नुसतं पुढं." आता आमच्या घरात सगळ्यांनी ते एकेकदा बांधून झालंय. विलासनंही.

रोज थोडा वेळ घालून चालत जा. बसताना हात मागं टेकवायचा, हे मी तुला शिकवायला नको. पण कुणी बघणार नाही असं बघ हं.

पौर्णिमा

•

कडा
२३ डिसेंबर

पौर्णे,

कुणी बघनार न्हाई असं बघ म्हनलीस ना? बघितलं.

मी गोठ्याच्या मागं पोट बांधून चकरा मारत हुते. आत्याबाई कडबा घ्याया आल्या. त्यांच्या डोळ्याला चष्मा न्हवता. मी पदर वढला तर पोट अजूनच दिसाय लागलं. त्यांनी कडबा तिथंच टाकला आन् माझी अला-बला घेतली. मी तोंड उघडनार, तेवढ्यात त्या रडाय लागल्या. म्हनल्या, "मी कवाची देवाला मागत हुते, आन् तू येवढं झाकून ठेवलंस? येवढं वाढूस्तोवर?" काय सांगू मी? मला वाटलं संध्याकाळी सांगते. संध्याकाळी त्यांनी गुळाचा शिरा केला. म्हनलं शिरा खाऊन सांगते.

पौर्णे, आता लई दिवस झालेत आन् मी शिराच खाते. हापशाचं पानी मनिषा आनती. मला वाकू देत न्हाईत. गल्लीतल्या साखराबाईनी चिंचा पाठवल्या. आत्याबाई माझ्या चालीवरनं सांगत फिरतात की पोरगी हुनार. उशीला पोरगी!

आन् काल त्यांनी सोमनाथला फोन लावला. स्पीकरवरच. म्हनल्या, "सोम्या, तुझी बायको दिवसात हाय, लई भरत आलंय." तिकडं मेंढरं ओरडत हुती तेवढीच. मग ते म्हनले, "भरत आलंय?" आत्याबाई म्हनल्या, "हां, येवढं!" आन् हातानं दाखवलं. फोनवर कुठं दिसतंय? ते म्हनले, "बरं. एक कोकरू दिसंना, ठेवतो."

ते दिवाळी करून गेले तवा मी सपाट, आन् आता सातवा लागल्यागत पोट. त्यांच्या डोक्यात काय आलं असंल? मी फोन मागितला तर आत्याबाई म्हनतात बाळंतपनापस्तोर मोबाईलपासून लांब ऱ्हायचं.

तिकडं धोंडीराम मामा रोज यायलेत. आत्याबाईचे चुलतभाऊ. चहा पितेत, मिशीला पीळ देतेत, कुजबुजतेत. त्यांचं येगळंच काम हाय. ते जाऊ दे.

आता काय करू? लवकर सांग. पत्र पोचूस्तोवर माझं डोहाळजेवन हुईल.

धनी

•

बीड
२८ डिसेंबर

धने, खरं सांगून टाक! आजच! शिरा राहू दे!

सोमनाथच्या मनात काय आलं असेल याचा विचार करूनच माझी झोप उडालीय, आणि तू चिंचा खातेस.

ता. क. मिशीला पीळ देणारे धोंडीराम मामा कामाचे वाटतात. मला स्थळं आणणारा एक मध्यस्थ हवाच आहे. विचारून बघ, सिनेमात बसतील का. चहा आमच्याकडून.

पौर्णिमा

•

कडा
१७ जानेवारी २०२५

पौर्णे,

तुझं पत्र यायच्या आधीच सोमनाथ आले.

मेंढरं भावाच्या हवाली करून, एसटी बदलत बदलत दुपारी घरी. दाढी वाढलेली. उंबऱ्यातच बसले. मी आतून पानी घेऊन गेले. पोट तसंच बांधलेलं, कारन आत्याबाई बाजूलाच. त्यांनी पानी घेतलं, माझ्याकडं बघितलं न्हाई, पोटाकडं बघितलं. मग आत्याबाई शेजारी सांगाया गेल्या, लेक आला म्हणून.

ते म्हनले, "धनश्री, मी वाटंनं लई इचार केला. घाटात एसटी बंद पडली तवा त जास्तच केला. कुणाचं बी असू दे. घरात आलंय ना? माझंच म्हनायचं. तू फकस्त मला सोडून जाऊ नको."

पौर्णे, तांब्या मी खाली ठिवला. मी पाठमोरी झाले, नाड्या सोडल्या आन् पोट काढून त्यांच्या मांडीवर ठिवलं. म्हनले, "घ्या. तुमचंच."

ते त्या उशीकडं बघतच बसले. उलटी केली, सुलटी केली. मग ती माझ्या डोक्यात हाणली. मग हसाय लागले. मग त्यांच्या डोळ्यातनं पानी. मग माझ्या. त्याच येळंला आत्याबाई साखराबाईला घेऊन दारात. पाहतात तर सून सपाट आन् लेकाच्या मांडीवर नात.

ते रामायन मी लिहीत न्हाई. त्यांना फसवल्याचा राग कमी. गावात तोंड दाखवायचं कसं, ह्याचा राग जास्त. दोन दिवस जेवल्या न्हाईत. तिसऱ्या दिवशी उठल्या आन् म्हनल्या, "त्या पौर्णिमेला म्हनाव शूटिंग हितंच कर. आमच्या घरात. आन् मला घे. म्हंजी लोकाला सांगता येतंय की सगळं शूटिंगसाठीच चाललं हुतं, मला पयल्यापासूनच ठाव हुतं." सासूचं काम त्यांनीच करायचं ठरवलंय. धोंडीराम मामाबी तयार हाय. त्यांनी मिशीला कलप लावला. सोमनाथ मातूर परत मेंढरांकडं गेले, आता उन्हाळ्यातच येतेत.

आता जे लिहायचं न्हवतं ते लिहिते. धोंडीराम मामा मनिषाला स्थळ घेऊन यायलेत. पोराकडं टेम्पो हाय. दहावीचा पेपर झाला की उरकायचं म्हनतेत. मनिषाला सोळावंबी पुरं न्हाई. ती नुसतं पुस्तक उघडून त्याच पानावर बसून ऱ्हाती. मी आत्याबाईला म्हनले, "थांबा की दोन-तीन वर्सं." त्यांनी मला इचारलं, "कावून? तुझं काय वाईट झालं?"

आन् मी नुसती चुलीत फुंकत बसले. सात वर्सं झाली, मी ती सगळी गोष्ट सगळ्यांला हसून सांगते. पथकाची, लाथेची. आत्याबाईबी हसतात. त्यांना वाटतंय लई मजा झाली हुती.

धनी

•

बीड
२२ जानेवारी

धने,

मला वाटत होतं तुझ्या घरात पोटाचाच गोंधळ चाललाय, आणि मी इथं हसत बसले होते. धोंडीराम मामांना सिनेमात घे म्हणून मीच लिहिलं. कप्पाळ माझं.

हे बघ, १०९८ हा लेकरांच्या मदतीचा सरकारी नंबर आहे. फोन केला की माणसं येतात आणि लग्न थांबवतात. नाव सांगावं लागत नाही. तू म्हणशील तर मी आत्ता करते. तू म्हणाली नाहीस तरी तारीख ठरली की मी करणार आहे, हे तुला आधी सांगून ठेवते. तुझ्याशी लपूनछपून काही करणार नाही.

शूटिंग फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात. मनिषाची परीक्षा सुरू व्हायच्या आत.

पौर्णिमा

•

कडा
२८ जानेवारी

फोन करू नको. आत्ताच नको. आत्याबाईला कळायला येळ लागनार न्हाई की कुणामुळं झालं, आन् मग मला ह्या घरात बसायला जागा न्हाई. तारीख ठरली तर मीच करीन. तुझ्या नावानं न्हाई, माझ्या नावानं.

शूटिंगला या. येताना आत्याबाईसाठी पावडरीचा डबा आना. त्यांनी सांगितलंय, भारीतला.

धनी

•

बीड
१२ फेब्रुवारी

धने,

शेवटच्या दिवशी मला तापानं आडवं केलं आणि विलासला एकट्याला पाठवावं लागलं. आता गोधडी पांघरून त्याचं शूटिंग बघतेय आणि डोकं फिरायची वेळ आली.

मी लिहिलेला प्रसंग असा: मध्यस्थ ओसरीवर चहा पितोय, पोटुशी सून बशी घेऊन येते, बशी पडते, सासू सुनेला एक चापट मारते. एक चापट. सुनेला.

इथं मला तीन थपडा दिसतात. तिन्ही धोंडीराम मामांना. पहिलीला आवाज असा आलाय की विलासच्या हातातला कॅमेराच हलला. आणि त्याच्याआधी तू काहीतरी लांबलचक बोलतेस. पण कारखान्याकडं चाललेला उसाचा ट्रॅक्टर नेमका गाणी लावून गेला, एक शब्द ऐकू येत नाही. फक्त बायडाबाईंचं तोंड दिसतं.

विलासला विचारलं तर म्हणतो, "ताई, मला विचारू नको, मी तिकडं बघतच नव्हतो." डोळे पुसत म्हणतो.

काय झालं ते सांग.

पौर्णिमा

•

कडा
१९ फेब्रुवारी

पौर्णे,

सांगते.

बशी ठरल्यापरमानं पडली. आत्याबाईनी हात उगारला आन् त्यांचं वाक्य म्हनल्या, "तुला काय कमी हाय गं हितं?" त्याला माझं उत्तर तू लिहिलं हुतं, "भूमितीचं पुस्तक." विनोदी. मला आठवंना. खरंच आठवंना. त्या माझ्याकडं बघत हुत्या आन् मला वाटलं त्या खरंच इचारतात.

म्हणून मी खरंच सांगितलं. म्हनले, "आत्याबाई, उत्र्या झाला तवा मला बीडला नेलं. रगत थांबंना. डॉक्टरनं वय इचारलं. मी सोळा म्हननार, तर तुमी माझ्या तोंडावर हात ठिवला आन् एकोणीस म्हनल्या. मला वाटलं मी मरते, आन् मरताना बी माझं वय चुकीचं. घरी आल्यावर त्याला पाजायचं कसं ते मला कळंना. तो रडला की मी बी त्याच्यासंगं रडायचे. तुमाला वाटायचं एकच लेकरू रडतंय. घरात दोन हुते."

विलासनं कॅमेरा चालूच ठिवला. मनिषा दाराच्या आड उभी हुती.

आता धोंडीराम मामाला त्याचं वाक्य लई पाठ. आठ दिवस त्यानं तेवढंच घोकलं. त्याला वाटलं आपली पाळी आली. त्यानं मिशीला हात लावला आन् खणखणीत म्हनला, "पोरीची जात, लवकर खपलेली बरी!"

आत्याबाईचा उगारलेला हात माझ्याकडं आलाच न्हाई. तिकडंच गेला.

विलास म्हनला, "कट, कट! मावशी, चापट सुनेला मारायचीय." आत्याबाई म्हनल्या, "बरं." दुसऱ्यांदा बशी पडली, मामानं वाक्य म्हनलं, पुन्हा मामालाच बसली. तिसऱ्या येळंला मामानं आधीच गाल धरला. मी म्हनले, मामा, तुमी वाक्य नका म्हनू. तर म्हनतो, "येवढं पाठ केलंय, म्हनू नको तर काय करू?" आन् वाक्य म्हनलाच. दुसऱ्या गालावर बसली.

त्यावर आत्याबाई विलासला म्हनल्या, "आता बंद कर ते." आन् मामाला म्हनल्या, "टेम्पोवाल्याला निरोप दे. आमची पोरगी अकरावीला जानार हाय. त्याला घाई असंल तर त्यानं टेम्पोसंगं लगीन लावावं." मामा म्हनला, "बायडे, मी सिनेमातलं बोललो गं!" त्या म्हनल्या, "मी न्हाई."

चहा पिऊनच गेला तो. दोन्ही गाल लाल, तरी चहा सोडला न्हाई.

ते बोलनं तुला ऐकू आलं न्हाई तर ऱ्हाऊ दे. मला पुन्हा बोलायचं न्हाई. ट्रॅक्टरची गानीच ठेव.

मनिषाचा परवा पयला पेपर हाय.

धनी

•

बीड
२० मार्च

धने,

ट्रॅक्टरच ठेवला. तुझे ओठ हलतात, गाणं वाजतं, बायडाबाईंचं तोंड बदलत जातं, आणि मग थप्पड. पप्पांना दाखवला. लाल पेन हातात घेऊनच बसले होते. भरारी पथकाला हसले, हसता हसता खोकला लागला. थपडेला टाळी वाजवली. संपल्यावर म्हणाले, "मी त्या वर्षी तिच्या घरी जाऊन बोलायला पाहिजे होतं." मी त्यांच्यासाठी पाणी आणलं.

पहिला खेळ कड्यातच करायचा. मे महिन्यात, सोमनाथ आल्यावर.

पौर्णिमा

•

कडा
२ जून

पौर्णे,

तू खेळ झाला की लगेच बीडला गेलीस, म्हणून मागचं सांगते.

गावात धोंडीराम मामाचं नाव आता थप्पडमामा पडलंय. स्थळ घेऊन कुठं गेला की लोक आधी हसून घेतेत, मग दोन्ही गाल बघतेत, मग चहा देतेत. स्थळाचं कुणी इचारीतच न्हाई. तो म्हनतो पुढच्या सिनेमात मला हिरो करा, न्हाईतर माझा धंदा भरून द्या.

मनिषा पास झाली. अकरावीला नाव घातलं. सोमनाथनं सिनेमा बघून मला इचारलं, "तिथं तू काय बोलत हुतीस? गान्यात ऐकू आलं न्हाई." मी म्हनले, सांगीन कवातरी. त्यांनी मान हलवली. घाई केली न्हाई.

आन् आत्याबाईचं सांगायचं ऱ्हायलं. दुसऱ्या दिवशी दुपारी आमी दोघी ज्वारी निवडत हुतो. सारं गाव त्यांना थपडेचं इचारायलं, त्या नुसत्या हसून ऱ्हातात. बराच येळ खडे काढत बसल्या. मग सुपाकडंच बघत म्हनल्या, "माझं पयलं चवदाव्या वर्षी झालं. दोन दिवस ऱ्हायलं. पोरगी हुती."

मला हे ठावच न्हवतं, पौर्णे. सोमनाथलाबी न्हाई.

मग त्यांनी इचारलं, "तुला लई दुखलं हुतं का गं?"

मी म्हनले, "लई."

त्यांनी माझ्या पुढ्यातलं सूप वढून घेतलं आन् म्हनल्या, "जा, पड जरा." मी न्हाई गेले. तिथंच बसले, त्यांच्या गुडघ्याला गुडघा लावून.

तुझी
धनश्री